पास झालेलं हेल्मेट

आमच्या इमारतीत टोपणनावं ठेवायचं काम माझ्याकडे आहे, आणि आजवर एकही नाव मागे घ्यायची वेळ माझ्यावर आलेली नाही. तळमजल्यावरचा शिंपी म्हणजे 'उद्या-या'. वरचे निवृत्त कारकून म्हणजे 'आमच्या-वेळी'. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात त्या आपटबाई.

हे नाव ऐकून कोणाला वाटेल बाई भांडकुदळ असेल, आदळआपट करत असेल. तसं काही नाही. बाई शांत आहेत. आपटणं हा त्यांचा धंदा आहे. हेल्मेटच्या कारखान्यात त्या नोकरीला आहेत आणि तिथे त्या दिवसभर हेल्मेटं आपटतात. धातूचं एक डोकं असतं, नाक नाही डोळे नाहीत, नुसता गोटा. त्याला नवंकोरं हेल्मेट घालायचं, उंच चढवायचं आणि खालच्या पोलादी ठोकळ्यावर सोडून द्यायचं. डोक्याला किती हिसका बसला ते शेजारचं यंत्र सांगतं. हिसका हद्दीत असला तर त्या खेपेचा सगळा माल पास. आणि जे आपटलं त्याचं काय, तर ते तिथल्या तिथे शिकंज्यात धरायचं आणि करवतीने मधोमध कापायचं. पास झालं तरी कापायचं. हा त्यांच्या चाचणीच्या खोलीतला नियम.

कापलेले अर्धे तुकडे बाई घरी आणत. त्यांच्या गॅलरीत अर्ध्या हेल्मेटांत रोपं, स्वयंपाकघरात अर्ध्या हेल्मेटात कांदे, दाराशी अर्ध्या हेल्मेटात किल्ल्या. मी त्यांना म्हणायची, तुमच्या घरात आलं की कवट्यांच्या गोदामात आल्यासारखं वाटतं. त्या हसायच्या आणि माझ्या हातात कांद्याची एक कवटी द्यायच्या, सोलायला.

नवं धडधाकट हेल्मेट एकदा आपटून कापून का टाकता, असं मी एकदा विचारलं होतं. शाळेत मास्तरांनी संवेग म्हणून काहीतरी शिकवलं होतं, वस्तुमान गुणिले वेग. मला त्यातला फक्त मास्तरांचा खडू फेकण्याचा वेग आठवतो. आपटबाईंनी कांदा चिरता चिरता सांगितलं ते मात्र डोक्यात बसलं.

"चालत्या वस्तूच्या अंगात रग असते," त्या म्हणाल्या. "ती जिरल्याशिवाय वस्तू थांबत नाही. तुम्ही ओट्यावरून उडी मारताना गुडघे वाकवता की नाही? ताठ पायांनी मारून बघा. रग तेवढीच, पण जिरायला वेळ मिळाला नाही की हाडं मोडतात. हेल्मेटच्या आत थर्माकोल असतो. तो चेपत जातो, तेवढा वेळ डोक्याला मिळतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो तो वेळ, पण जीव वाचतो तो त्यानेच. वरचं चकचकीत कवच आपण उगाच बघत बसतो."

"आणि चेपलेला थर्माकोल?"

"तो परत फुगत नाही. एकदा मरतो, संपलं."

आमच्या घरात मी आल्या आल्या भडकते आणि आमचे हे आठवडाभर थोडे थोडे भडकतात, दोघांची रग सारखीच, त्यामुळे मला हा धडा लगेच पटला. असो.

बाईंचा नवरा म्हणजे गुळाचा गणपती. जिथे बसवाल तिथे बसतो आणि जो येईल त्याच्याकडे बघून हसतो. सासूबाई घरातच, त्यांचा जीव धाकट्या मुलात. आणि हा धाकटा, आपटबाईंचा दीर, आमच्या इमारतीच्या पुढच्या बाजूला दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याचं नाव मी ठेवलं 'पिचकारी'. दातांच्या फटीतून थुंकायची त्याची अशी काही हातोटी आहे की भिंतीवरचा डाग बघून सांगता येतं, स्वारी कुठे उभी होती. हात पुसायचा तो विजारीला, नाक पुसायचं ते हाताला, आणि त्याच हाताने आईला बिस्किट भरवायचं. सासूबाईंना त्यात स्वर्ग दिसतो. कावळीला पिल्लू गोरं.

तर एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि मला तिथला नळ वाहताना दिसला. पिचकारी पालथ्या बादलीवर बसून हेल्मेटं धूत होता. साबणाचा फेस तपकिरी. गटाराच्या जाळीशी केसांची गुंतवळ अडकलेली. आतलं कापडी अस्तर काढून त्याने आमच्याच दोरीवर घातलं होतं, माझ्या उश्यांच्या अभ्र्यांना लागून, आणि त्यातून थेंब थेंब गळत होते. एका अस्तरावर तपकिरी डाग होता. तो गंजाचा नव्हता. मी पाच मुलांच्या घरातली थोरली, मला कोणता डाग कशाचा हे शिकवावं लागत नाही.

अभ्रे काढून मी पुन्हा उकळत्या पाण्यात टाकले, आणि तरी त्या रात्री मी उशीशिवाय झोपले.

माल कुठून येतो ते कळायला वेळ लागला नाही. अपघातातल्या गाड्या त्याच्या दुकानात दुरुस्तीला येत. गाडीबरोबर हेल्मेट येई. मालक म्हणे, आता हे नको, बघवत नाही. पिचकारी म्हणे, ठेवा इथे, मी टाकून देतो. मग ते गच्चीवर येई, धुतलं जाई, ओरखड्यांवर रंगाचा फवारा, वरून चमकवायचं तेल, आणि दुकानाच्या दारात दोरीला. वर पाटी: 'पास झालेली हेल्मेटं.'

ती पाटी वाचून आपटबाई उभ्या जागी थिजल्या. कारण 'पास' हा शब्द त्यांच्या घरातला. रोज संध्याकाळी त्या जेवताना सांगत, आजचा माल पास झाला. पिचकारी जेवायला तिथेच असायचा. त्याने तो शब्द कांद्याबरोबर चावून गिळला आणि त्याचं स्वतःचं एक शास्त्र तयार केलं. त्या संध्याकाळी चहाला मी तिथेच होते (मी असतेच), तेव्हा त्याने ते आम्हाला समजावून सांगितलं. नवं हेल्मेट म्हणजे कोरा उमेदवार, प्रसंगाला टिकेल की नाही कोणी सांगावं. हे मात्र एकदा प्रसंगाला उतरलेलं. मालक वाचला, म्हणजे हेल्मेट पास. अनुभवी माणसाला जास्त पगार मिळतो की नाही, तसंच हे.

आणि गिऱ्हाइकांना ते पटत होतं, हो. लोक नवीन हेल्मेट सोडून याच्याकडे यायला लागले होते. 'आमच्या-वेळी'सुद्धा नातवासाठी एक बघून आले, म्हणाले, ठोकून बघितलं, आवाज खणखणीत आहे. मी म्हटलं, माठ घ्यायला गेला होतात का?

"भावोजी," आपटबाई म्हणाल्या, "ते पास झालं तेव्हाच संपलं. म्हणून तर आम्ही कापतो."

"वहिनी, तुम्ही कापता ते कारखान्याच्या मालकाला नवीन विकायची असतात म्हणून."

"आणि ज्याचा मालक वाचला नाही ते?"

पिचकारीने कपातला चहा फुर्र करून ओढला. "ते मी पास म्हणून देत नाही. खोटं बोलायची आपल्याला सवय नाही. ते अर्ध्या किमतीत देतो."

बाईंचा नवरा हसला. तो हसतोच. सासूबाई म्हणाल्या, पोरगा चार माणसांच्या उपयोगी पडतोय तर हिच्या पोटात का दुखतं.

आपटबाईंचं दुखणं वेगळं होतं. पिचकारीची मुलगी, म्हणजे यांची पुतणी, हिला आम्ही 'वावटळ' म्हणतो. नुकतीच नोकरीला लागलेली, आणि स्कूटर अशी चालवते की रस्त्यावरची कुत्री तिला ओळखून आधीच फुटपाथवर चढतात. आपटबाईंना मूल नाही. वावटळ त्यांच्याच मांडीवर वाढली. बापाने तिला त्याच मालातलं एक निळं हेल्मेट दिलं होतं, 'सगळ्यात कडक परीक्षा पास झालेलं' म्हणून. पोरीने त्यावर पिवळी चांदणी चिकटवली होती. रोज सकाळी ती 'काकू, येते' म्हणून हात हलवून जायची, आणि संध्याकाळी स्कूटरचा आवाज ऐकू येईपर्यंत आपटबाईंचं कशात लक्ष नसायचं.

त्यांनी पुतणीला सांगून बघितलं. ती म्हणाली, काकू, बाबा मला वाईट देतील का? तिचा बाप आहे तो. बाईंनी दिराला एकांतात विनवलं, नवऱ्याला सांगायला लावलं. नवरा गेला, दिराने दिलेलं लिंबू सरबत पिऊन परत आला.

मग एका सुट्टीच्या दिवशी आपटबाई बाजारातून दोन कलिंगडं घेऊन आल्या. दोन्ही माणसाच्या डोक्याएवढी. आणि दुकानातून एक नवं हेल्मेट, खोक्यासकट. मला म्हणाल्या, सगळ्यांना गॅलरीत बोलवा. हे काम मला दोनदा सांगावं लागत नाही.

अंगणात फरशी आहे. पहिल्या मजल्यावरून सोडायचं ठरलं. एक कलिंगड नव्या हेल्मेटात, एक पिचकारीच्या दारातल्या 'पास' हेल्मेटात, जुन्या चादरीच्या पट्ट्या घालून घट्ट बसवलेलं. पिचकारी म्हणाला, वहिनी काहीतरी हातचलाखी करतील, मी स्वतः सोडणार. बाई म्हणाल्या, सोडा. त्याने हेल्मेट पट्ट्याला धरून सरळ लोंबकळवलं आणि सोडलं. धप्प. मग दुसरं. धप्प. खाली वावटळने पट्ट्या सोडल्या. दोन्ही कलिंगडं जशीच्या तशी.

गॅलरीत हशा झाला. पिचकारीने आनंदाच्या भरात अशी एक लांब पिचकारी मारली की 'उद्या-या'च्या वाळत घातलेल्या लुंगीवर नक्षी उमटली. सासूबाईंनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी आपटबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला असेल असं मला वाटलं होतं. पण त्या खाली उतरून ते 'पास' हेल्मेट उलटं करून त्याच्या आत अंगठा फिरवत होत्या, बाळाची टाळू चाचपावी तसा. मागच्या बाजूला, डाव्या कानाच्या वर, त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी माझा अंगठा तिथे धरून दाबला. बाकी सगळीकडे थर्माकोल जरासा लवचीक होता, तिथे मात्र वाटीएवढी जागा बसलेली, टणक, दगडासारखी. आणि फटीत दोन केस होते. मी हात झटकून विजेचा धक्का बसल्यासारखी मागे झाले.

"टाळूवर पडलं म्हणून वाचलं," त्या म्हणाल्या. "तिथला थर्माकोल अजून जिवंत होता."

आता त्यांनी नव्याने बांधलं. दोरी अशी घेतली की खाली पडताना ती मागची डावी बाजू फरशीला लागावी. आधी नवं हेल्मेट, तसंच बांधून, त्याच बाजूवर. धप्प. पट्ट्या सोडल्या. कलिंगडाला कानापाशी केसासारखी एक चीर, बस्स.

मग 'पास' हेल्मेट. या वेळी सोडायला त्या स्वतः वर गेल्या. ढकललं नाही, नेम धरला नाही. नुसती मूठ उघडली, रोज उघडतात तशी.

आवाजच वेगळा आला. ओला. हेल्मेटच्या कडेने लाल रस उडाला तो पिचकारीच्या पांढऱ्या सदऱ्यापर्यंत. वावटळने पट्टा सोडला तेव्हा आत कलिंगड नव्हतं, लगदा होता. त्यात बिया, चादरीचे धागे, आणि त्या अनोळखी माणसाचे ते दोन केस.

पिचकारीने सदरा झटकला. "एवढ्या नेमक्या जागी कोण पडतं, वहिनी?"

"ज्याचं होतं तो पडला होता."

हे बोलून त्यांनी घरातून करवत आणली आणि नव्या हेल्मेटपासून सुरुवात करून दोन्ही तिथेच पायरीवर कापली. नवं कापलं म्हणून लोक हळहळले. फळ जास्त पिकलं होतं, असं पिचकारी सगळ्यांना सांगत सुटला. सासूबाई म्हणाल्या, अन्न फुकट घालवू नये, आणि त्यांनी त्या लगद्यातला बरा भाग वाटीत काढून घेतला. वरून मीठ टाकून खाल्ला. मी डोळ्यांनी बघितलं. अजूनही कलिंगडाच्या गाडीसमोरून जाताना मी रस्ता ओलांडते.

आता पुढचं मी सांगितलं नसतं तर कोणाला कळलंच नसतं. सोमवारी सकाळी वावटळ निघाली आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं लाल. काचेवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून काढलेला नव्हता. मी गॅलरीतून विचारलं, काय गं, नवीन? ती म्हणाली, हो ना, बाबांनी काल रात्री आणलं, जुन्याचा पट्टा खराब झालाय म्हणाले.

मला बरं वाटलं. खरंच सांगते. मी मनात म्हटलं, पिचकारी असला तरी बाप आहे, डोक्यात प्रकाश पडला वाटतं. ही बातमी आपटबाईंना द्यायच्या आधी पक्की करावी म्हणून मी भाजीची पिशवी घेऊन दुकानावरून गेले.

पाटी तशीच होती. दोरीला हेल्मेटं तशीच. त्यांत एक निळं होतं. पट्टा धड होता. चांदणी खरवडून काढली होती, पण तिची पाच टोकं डिंकाच्या डागात दिसत होती.

मला किळस बऱ्याच गोष्टींची येते. झुरळांची येते, पिचकारीच्या रुमालाची येते, गच्चीवरच्या त्या तपकिरी पाण्याची तर अजून येते. पण ती धुतली की जाते. त्या पाच टोकांकडे बघून जी आली ती कुठे धुवायची ते मला अजून कळलेलं नाही. माणसाला कळत नव्हतं तोवर तो मूर्ख होता. मूर्खाला आपण नावं ठेवतो, हसतो, चहाही पाजतो. याला कळलं होतं. चांगलं कळलं होतं. स्वतःच्या पोरीपुरतं.

आपटबाई कामावर निघाल्या होत्या. मी जिन्यात गाठून सांगितलं. त्या परत वर गेल्या, करवत घेऊन आल्या, आणि मला म्हणाल्या, चला.

दुकानात एक नर्स उभी होती, रात्रपाळी संपवून घरी निघालेली. तेच निळं हेल्मेट तिच्या हातात होतं आणि पिचकारी तिला सांगत होता की हे माझ्या मुलीने वापरलेलं, घरचं, डोळे झाकून घ्या. आपटबाईंनी ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"भावोजी, तुम्हाला कळलं होतं."

एवढंच. ओरडल्या नाहीत. पिचकारीचं तोंड उघडं राहिलं आणि पहिल्यांदाच त्यातून काही उडालं नाही. बाईंनी त्याच्याच बाकावरच्या शिकंज्यात हेल्मेट धरलं, मूठ फिरवून आवळलं आणि करवत लावली. थर्माकोलचा पांढरा चुरा त्याच्या तेलकट जमिनीवर पडायला लागला. चेपलेल्या जागी करवत अडकत होती, बाकी ठिकाणी सुरळीत जात होती. नर्सने वाकून आत बघितलं, बोट लावून बघितलं, आणि पैसे पर्समध्ये परत टाकून निघून गेली.

मग आरडाओरडा झाला. पिचकारीने आईला हाक मारली, दादाला हाक मारली. सासूबाईंनी गॅलरीतून घर फोडलं, घर फोडलं असा घोष सुरू केला. गुळाचा गणपती चपला न घालता खाली आला. सगळ्यांना वाटलं, आता हा हसेल आणि बायकोला घरी घेऊन जाईल. तो दारात उभा राहिला. शिकंज्यातल्या त्या चांदणीच्या डागाकडे त्याने बराच वेळ बघितलं. मग दोरीवरचं पुढचं हेल्मेट काढलं आणि बायकोच्या हाताशी धरून उभा राहिला. हसला मात्र नाही. मी त्याला इतक्या वर्षांत प्रथमच न हसताना बघितलं आणि खरं सांगू, माणूस देखणा आहे.

दोरी रिकामी झाली तेव्हा आपटबाईंच्या कामाची वेळ टळून गेली होती. कारखान्यात बोलणी खावी लागली असतील, त्या सांगत नाहीत.

पुढे काय व्हायचं ते झालं. सासूबाई धाकट्याकडे राहायला गेल्या. येणंजाणं बंद. वावटळला सगळं कळलं, माझ्याकडूनच कळलं, ते मी लपवत नाही. तिने बापाला काही विचारलं नाही. काकूकडे येऊन त्या निळ्या हेल्मेटचा चांदणीच्या डागाचा अर्धा तुकडा मागून घेतला आणि नेऊन बापाच्या टेबलावर ठेवला, रोज त्याच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून. पोरीला वाटलं असेल, बापाला लाज वाटेल.

परवा मी गेले होते. पिचकारी त्यात नटबोल्ट ठेवतो. म्हणाला, वहिनींची ही एक आयडिया बाकी झकास.

पाटी आता नाही. पण दुकानाच्या मागच्या खोलीला नवीन कुलूप आहे आणि गच्चीवरचा नळ अधूनमधून पहाटे वाहिलेला असतो. माझे अभ्रे मी घरातच वाळवते. आपटबाई कामावरून येताना पूर्वी मागच्या गल्लीने यायच्या, ती वाट जवळची. आता त्या पुढून येतात, दुकानासमोरून, सावकाश. खांद्यावरच्या पिशवीतून करवतीची मूठ बाहेर दिसते. त्या ती झाकत नाहीत.